झोपलेल्याला उठवायचं नाही

संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यानं दार वाजवलं, तेव्हा दार गोटीनं उघडलं आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "श्श! हळू. आई झोपलीये."

गोटी त्याची मुलगी. वय सहा. चेहरा गोल, आणि कुठंही ठेवली तरी घरंगळत दुसरीकडे जाणार, म्हणून आईनं हे नाव पाडलेलं. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून ती शाळेत गेली नव्हती.

त्यानं सवयीनं चपला काढून हातात घेतल्या आणि पावलं न वाजवता आत गेला. बायको खोलीत नव्हती. ती स्वयंपाकघरात होती, ओट्याखाली, फरशीवर, कुशीला. अंगावर गोटीचं पांघरूण. डोक्याखाली उशी घालायचा प्रयत्न झाला होता, पण डोकं उचललं गेलं नसावं, उशी खांद्याला टेकून तशीच होती. खिडकीचा पडदा ओढलेला. सिंकमधला नळ गळत असे. त्याच्याखाली कुणीतरी फडकं घालून ठेवलं होतं, थेंबांचा आवाज होऊ नये म्हणून.

त्यानं बायकोचा हात धरला आणि त्याला कळलं.

"बाबा, उठवू नकोस ना," गोटी मागून कुजबुजली. "मी काही आवाज केला नाही. एकदासुद्धा नाही."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेंदूतली शीर फुटल्याचं सांगितलं. पडल्यावर किती वेळ गेला होता, असं त्यांनी विचारलं. ते कुणालाच सांगता येईना. "लवकर आणलं असतं तर," ते म्हणाले, मग थांबले, मग म्हणाले, "कदाचित." त्याची मेहुणी, बायकोची धाकटी बहीण, शेजारीच उभी होती. तो शब्द तिनंही ऐकला. त्या दिवसापासून तो शब्द दोघांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला. गिळताही येईना, बाहेरही निघेना.

आता त्या घराची रीत सांगायला हवी, नाहीतर पोरीनं असं का केलं ते कळायचं नाही.

तो काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होता. भट्टीतून निघून गार झालेल्या बाटल्या पट्ट्यावरून एकामागून एक येतात, मागे उजेडाचा फलक असतो, आणि त्या उजेडात तडा, बुडबुडा, वाकडं तोंड दिसलं की ती बाटली उचलून बाजूला टाकायची. हे सगळं नजरेचं काम. कारखान्यात त्याला 'भिंग' म्हणत. बायको म्हणायची, "बाटलीतला केसाएवढा तडा दिसतो, पण बायकोनं केस कापलेत ते आठवडाभर दिसत नाही. असलं कसलं हो तुमचं भिंग?"

लग्नापासून त्याची रात्रपाळी. सकाळी येऊन तो झोपे आणि घर दिवसभर दबक्या पावलांनी चाले. झोप नीट झाली नाही तर नजर चुकते, आणि तडा गेलेली बाटली कुणाच्या तरी ओठापर्यंत जाते. बायकोनं हे स्वतः मनावर घेतलं होतं. गोटी चालायला लागल्यापासून तिनं तिला टाचा न टेकवता चालायला शिकवलं. दोघींचा खेळच झाला होता: जिच्या हातून आवाज झाला ती हरली. गोटी भांडी ठेवायची तीही अशी की मांजराला कळू नये. बायको कौतुकानं सगळ्यांना सांगायची, "आमच्या पोरीसमोर झोपून बघा. छप्पर कोसळलं तरी ती तुम्हाला उठवायची नाही."

ती गेली त्या आठवड्यात त्याला नेमकी दिवसपाळी लागली होती.

पुढं त्यानं दिवसपाळीच मागून घेतली. शाळा सुटल्यावर तो येईपर्यंत मेहुणी, धाकटी, घरी येऊन बसायची. ती ताईच्या अंगाखांद्यावर वाढलेली, एका दुकानात हिशेब बघायची. तिथं सांगून तिनं दुपारची सुट्टी काढली होती. ती गोटीची वेणी घाले, जेवायला वाढे, सगळं करी, पण पोरीकडे बघताना तिच्या डोळ्यांत काहीतरी हिशेब चालू असे. तो त्याला दिसे, कारण त्याचाही तोच चालला होता. मुकाट बसून राहिली. दिवसभर. शेजारचं दार दोन हातांवर. वाजवलं असतं तर.

तो हे मनातल्या मनातसुद्धा पुरतं म्हणत नसे. पण दाबलेलं काय कुठं जातं? गोटीनं दुधाचा पेला सांडला की तो नको तेवढा ओरडे, आणि ओरडताना त्याला स्वतःलाच कळे की हे दुधासाठी नाही.

गोटी तर पार उलटीच झाली होती. ज्या पोरीनं कधी कुणाला उठवलं नाही, ती आता कुणाला डोळे मिटू देईना. तो खुर्चीत जरा कलंडला की मांडीवर चढायची आणि बोटांनी त्याच्या पापण्या वर करायची. "उघड. उघड ना." रात्री उठून त्याच्या नाकाजवळ कान नेऊन बघायची आणि समाधान झालं नाही की गदागदा हलवायची. झोपेचं पार खोबरं झालं. कारखान्यात एकदा तडा गेलेल्या बाटल्यांची अख्खी रास त्याच्या डोळ्यांसमोरून पुढं गेली आणि खोक्यात भरताना सापडली. मुकादम म्हणाला, "काय रे, भिंगालाच तडा गेला की काय?" सगळे हसले. तोही हसला. मग मुतारीत जाऊन त्यानं बराच वेळ तोंडावर पाणी मारलं.

मग शाळेतून बोलावणं आलं.

गोटीच्या बाई वयानं त्याच्यापेक्षा लहान होत्या, पण बोलायला खमक्या. "डबा खाऊन झाला की मुलं थोडा वेळ बाकावर डोकं टेकून पडतात," त्या म्हणाल्या. "हिनं परवा शेजारच्या मुलीच्या डोक्यावर पाण्याची बाटली रिकामी केली. काल एकीचे केस ओढले. का केलंस विचारलं तर म्हणते, ती उठत नव्हती."

"घरात तसं झालंय ना, बाई…"

"ते मला माहीत आहे. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. पण वाचणंही गेलंय हो तिचं. चांगली जोडून वाचायची. आता 'क'ला काना दिला की माझ्या तोंडाकडे बघत बसते. वर्गात असते आणि नसते. मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. त्या मुलीचे आईवडील इथं येऊन तावातावानं बोलून गेलेत. असंच चाललं तर मला तिला वर्गात ठेवता येणार नाही."

परत येताना त्यानं गोटीचा हात जरा जास्तच घट्ट धरला होता. ती त्याच्या चालीला पुरत नव्हती, अर्धवट पळत होती. बोलायचं नाही, बोलायचं नाही, असं तो मनाशी म्हणत होता आणि रस्ता ओलांडताना त्याच्या तोंडून गेलंच, "आता सगळ्यांना उठवत सुटलीयेस. आणि तेव्हा…"

जीभ चावली त्यानं. मागून येणाऱ्या गाडीनं भोंगा वाजवला.

"तेव्हा काय, बाबा?"

"काही नाही. चल."

ती चालली. पण पुढं पूर्ण रस्ताभर ती टाचा न टेकवता चालली, आणि ते त्याला दिसत राहिलं.

मुलांची डॉक्टर पिकल्या केसांची, सावकाश बोलणारी बाई होती. तिनं गोटीला काही दाबून-टोचून बघितलं नाही. टेबलावर पत्ते मांडले. लाल ससे, निळे ससे, लाल होड्या, निळ्या होड्या. "रंगाप्रमाणं लाव," ती म्हणाली. गोटीनं भराभर लावले. "शाब्बास. आता नियम बदलला. आता रंग नाही बघायचा. ससे इकडे, होड्या तिकडे. कसं लावायचं?"

"ससे इकडे, होड्या तिकडे," गोटी म्हणाली आणि लाल होडी उचलून लाल सशांवर ठेवली.

पुन्हा सांगितलं. पुन्हा ती बरोबर म्हणाली, आणि पुन्हा हात रंगाकडेच गेला. तिला ते दिसलंही. तिनं बापाकडे बघितलं आणि सगळे पत्ते गोळा करून तळहाताखाली दाबले.

गोटीला बाहेर ठोकळे खेळायला बसवून डॉक्टर म्हणाली, "बघितलंत? नवा नियम तिला माहीत आहे. तोंडानं सांगते. पण हात जुनाच नियम पाळतो. हिच्याहून लहान मुलांचं सगळ्यांचंच असं होतं. हिच्या वयाला ते जमायला लागतं, पण नुकतंच लागलेलं असतं, मुरलेलं नसतं. भीती बसली की जे नवं आलेलं असतं ते आधी जातं. अक्षरंही त्यातलीच."

"म्हणजे डोक्यात काही बिघाड आहे?"

"बिघाड नाही. वय आहे." तिनं स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. "थांब, विचार कर, आज नेहमीसारखं नाही, आज वेगळं कर, हे सांगणारा मेंदूचा भाग इथं, कपाळामागे असतो. तो सगळ्यात उशिरा तयार होतो. माणूस विशी ओलांडतो तरी त्याचं काम चालूच असतं."

"मग माझं अजून चालू असणार."

ती हसली. "कुठं काम करता?" त्यानं सांगितलं. "मग तुम्हाला सोपं जाईल. काच जशी गरम असताना…"

"काच वाढत नाही, बाई," तो म्हणाला. "बाहेर आली की आली. तडा असला तर फोडून पुन्हा भट्टीत."

"तेही खरंच," ती म्हणाली. "मग काच सोडा." तिनं पत्ते खोक्यात ठेवले आणि म्हणाली, "त्या दिवशीचं मला सांगा."

त्यानं सांगितलं. पांघरूण, उशी, नळाखालचं फडकं. 'बसून राहिली' म्हणताना त्याचा आवाज बदलला आणि तो डॉक्टरला ऐकू गेला.

"ती बसून राहिली नाही," डॉक्टर म्हणाली. "जेवढं तिला येत होतं तेवढं सगळं तिनं केलं. नियम मोडायची वेळ आलीय हे ओळखायचं काम तिच्याकडे अजून आलेलंच नव्हतं. आता ती उलट टोकाला गेलीय, कारण काहीतरी चुकलं एवढं तिला कळलंय. ती कधी तुम्हाला काही विचारते?"

"नाही."

"म्हणजे उत्तर तिचं तिनंच ठरवलंय. तिची चूक नव्हती, असं तुम्ही तिला सांगितलंय?"

त्यानं खुर्ची जरा मागे सरकवली.

"तुम्हाला तसं वाटतं का?"

त्यानं भिंतीवरच्या उंचीच्या पट्टीकडे बघितलं. "डोक्याला कळतं."

"आणि?"

"बाकीच्याला नाही कळत."

तो हे आजवर कुणाजवळ बोलला नव्हता. डॉक्टरनं मान हलवली, दचकली वगैरे नाही. "मग आज घाईनं सांगू नका. पाठ केलेलं वाक्य मुलांना लगेच ओळखू येतं, आणि एकदा खोटं लागलं की दुसऱ्यांदा ती ऐकणार नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. तिला कुणी खोदून काही विचारायचं नाही. ती बोलेल ती तिच्या पायानं. आणि तिनं विचारलं, तर खोटं सांगायचं नाही. तिला झेपेल तेवढंच सांगा, पण खरं."

घरी येऊन त्यानं धाकटीला बाजूला घेऊन हे सांगितलं. ती फणकारली.

"डॉक्टरीणबाई आता आपल्या घरात कुणी काय बोलायचं ते ठरवणार?"

"ती लहान आहे, एवढंच."

"मला माहीत नाही का लहान आहे ते? तिचं सगळं मीच करते ना? पण माझी बहीण गेलीय, भावजी. ती कधी पडली, किती वेळ होती, काय झालं, हे जाणून घ्यायचं मला काहीच नाही? तुम्हाला नाही वाटत?"

"मला काय वाटतं ते सोड."

"का सोडू? तुम्ही तिच्याकडे कसे बघता ते मला दिसत नाही होय? कारखान्यात बाटल्या बघत असाल तसे."

"तिला विचारायचं नाही," एवढंच तो पुन्हा म्हणाला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटी भाजी घेऊन आली. घरात बटाटे होते, कांदे नव्हते, म्हणून तो खाली कोपऱ्यावर गेला आणि घेऊन आला. दार लोटलेलंच होतं. त्यानं चपला काढल्या आणि सवयीनं आवाज न करता आत आला. स्वयंपाकघरात दोघी बोलत होत्या.

"टीव्ही चालू होता का तेव्हा?" धाकटीचा आवाज. गोड, हळू, शाळेत विचारतात तसा.

"हो."

"मग आई पडली. म्हणजे झोपली. मोठ्यानं पडली का?"

"भांडं पडलं. आई हळू पडली."

त्याच्या हातात कांद्यांची पिशवी होती. त्यानं आत जायला हवं होतं. एक पाऊल, आणि 'पुरे' एवढा एक शब्द. पाय उचलेना. डॉक्टरीणबाईचं सगळं त्याला आठवत होतं, शब्दन् शब्द, आणि तरी तो दाराआड उभा राहिला, कारण त्याला पुढचं ऐकायचं होतं. किती दिवस तो यासाठीच जागा होता.

"मग ती काही बोलली?"

"नाही. घोरत होती."

आत बटाटा सोलणं थांबलं.

"घोरत होती?" धाकटीचा गोड आवाज गेला होता.

"मोठ्यांदा. म्हणून मी टीव्ही बंद केला. तिला त्रास होऊ नये म्हणून. मग तुझाच फोन आला."

"माझा?"

"तुझा फोटो आला ना त्याच्यावर. खूप वेळ वाजत होता. मी तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला. परत वाजला तर आईची झोप मोडली असती."

धाकटीच्या घशातून भलताच आवाज निघाला. त्यानं दार ढकललं. ती ओट्याला पाठ लावून खाली बसली होती, दोन्ही हात तोंडावर. गोटी तिच्यासमोर उभी, हातात सोललेला बटाटा.

"पुरे," तो म्हणाला. उशिरा.

"मी फोन केला होता," धाकटी बोटांमधून बोलत होती. "उचलला नाही म्हणून रागावले मी. म्हटलं, ताईला गरज नाही तर मीच का करू सारखा? आणि ती… भावजी, ती घोरत होती हो तेव्हा…"

"गप्प बस."

"तुम्हीही गप्पच उभे होता!" ती उसळली. त्याच्या अनवाणी पायांकडे, हातातल्या पिशवीकडे तिनं बघितलं. "कधीपासून उभे होता दारात? तुम्हालाही ऐकायचंच होतं. मला बोलायचं काम नाही."

खरंच होतं. त्यानं पिशवी खाली ठेवली.

गोटी एकदा मावशीकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. मग बटाटा नीट ओट्यावर ठेवून तिनं विचारलं, "बाबा, उठवायचं होतं का?"

धाकटीचं रडणं बंद पडलं.

'नाही' त्याच्या तोंडात तयार होतं. मऊ, सोयीचं, दोघींनाही लगेच हवं असलेलं. आणि त्याच्यामागे 'हो' उभं होतं, दात विचकून. तो खाली बसला. पोरीचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर आले. आईचे डोळे, त्याच्यासारखे बारीक बघणारे. तिला तडा दिसला असता.

"झोपलेल्याला उठवायचं नाही," तो म्हणाला. "पण आई झोपली नव्हती. आजारी पडली होती."

"झोपल्यासारखी दिसत होती."

"हो. अगदी तशीच दिसते."

"तुला कळलं असतं?"

"मला कळलं असतं. मी मोठा आहे. मावशीलाही कळलं असतं. सहा वर्षांच्या मुलांना नाही कळत."

"आमच्या वर्गात पहिली येते तिला?"

"तिलाही नाही."

"ती तर वर्तमानपत्र वाचते."

"वाचू दे. तरी नाही."

गोटीनं यावर विचार केला. "आणि मी उठवलं असतं तर ती उठली असती?"

धाकटीनं मान फिरवली. त्याला डॉक्टरांचा तो 'कदाचित' आठवला. काटा तिथंच होता.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनाही माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

ती हलली नाही. तशीच उभी राहून वाट बघत राहिली, कारण त्याच्या चेहऱ्यावर पुढचं वाक्य आलेलं तिला दिसत होतं. त्यालाही ठाऊक होतं ते कोणतं. तोंड उघडलं त्यानं. पण कानात ते घोरणं होतं, आणि टीव्ही बंद झाल्यावरची शांतता होती, आणि कपाटात टॉवेलात गुंडाळलेला फोन होता. आत्ता म्हटलं असतं तर ते पाठ केल्यासारखं निघालं असतं. त्यानं तोंड मिटलं.

"भूक लागली का?" त्यानं विचारलं.

"थोडी."

धाकटी उठली, तोंड धुतलं, आणि कांदे चिरायला घेतले.

त्याला आता काही दिवस झाले. धाकटी अजून रोज येते. गोटीला काही विचारत नाही. कधी कधी वेणी घालता घालता मध्येच थांबते आणि तिच्या मानेवर कपाळ टेकते. घरात नवा नियम झालाय: कुणालाही, कधीही उठवलं तरी चालेल. गोटी उठवते, तो "जागा आहे" म्हणतो, ती परत जाऊन पडते. पूर्वीपेक्षा कमी वेळा येते. शाळेत डबा खाल्ल्यावर बाई तिला आपल्याजवळ फळा पुसायला घेतात. 'क'ला काना अजून लागलेला नाही. बाईंनी सत्र संपेपर्यंत बघू म्हटलंय.

तिची चूक नव्हती, हे त्यानं तिला अजून सांगितलेलं नाही.